पुठ्ठ्यामागचे फासे

प्रिय ताई,

तुला जाऊन पावणेदोन वर्षं झाली. तू होतीस तेव्हा तुला पत्र लिहायची वेळच कधी आली नाही; सायकलला टांग मारली की वीस मिनिटांत मी रुआबांध्याला, तुझ्या ओट्यावर. आज लिहायला बसलोय, कारण काल गौरीने मला एक गोष्ट विचारली आणि मी तुझ्या लेकीला खोटं उत्तर दिलं. खोटं बोलताना मला काही जडसुद्धा गेलं नाही. सकाळपासून त्याचीच लाज वाटतेय.

तू गेल्यावर भाऊजींनी रुआबांध्याचं घर सोडलं आणि त्यांच्या कारखान्याजवळ, कुम्हारीला खोली केली. दर रविवारी सकाळी ते गौरीला बसने आमच्याकडे आणून सोडतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. काल ती माझ्या टेबलावर शाळेचा नकाशा रंगवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मामा, आईले परीक्षा द्यायची होती म्हणून तिनं मले तुमसरले पाठवलं होतं न? मी घरी असली की तिचा अभ्यास नव्हता होत."

मी म्हणालो, नाही गं बाई, आई आजारी होती म्हणून तुला आजीकडे ठेवलं.

"आजारी होती तं मले जवळ ठेवाले पायजे होतं," ती म्हणाली, आणि मध्य प्रदेशात हिरवा रंग भरू लागली.

ताई, नऊ वर्षांची पोर मनाशी पक्कं करून बसली आहे की तिच्या आईला ती नको होती. आणि हे माझ्यामुळे झालंय. कसं, ते तुला एकदा तरी सांगायला हवं. तुला शेवटी कळलंच असेल म्हणा. पण मी माझ्या तोंडाने कुठे कबूल केलं कधी?

त्यासाठी आधी त्या खेळापाशी जावं लागेल. पुण्याचा मावसभाऊ इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधून एक झेरॉक्स केलेलं इंग्रजी चोपडं घेऊन आला होता आणि आपल्याकडेच विसरून गेला होता, आठवतं? मी तेव्हा दहावीत, तू बारावीत. तीन-चार जणांनी मिळून टोळी करायची, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, कुणी ढालवाला, कुणी तिरंदाज, कुणी वैद्य, आणि एकाने पलीकडे बसून गुहा, लांडगे, राक्षस असं सगळं चालवायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत. बोलायचं, फासे टाकायचे आणि वहीत लिहायचं.

बाबांची पोलादाच्या कारखान्यात नाइट शिफ्ट असली की दिवसभर घरात आवाज करायची बंदी असायची. कॅरम बंद, रेडिओ बंद, अंगणातलं क्रिकेट तर बंदच. आपल्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या सगळ्याच पोरांची ही रड. इकडे नाही तर तिकडे कुणाचा तरी बाप झोपलेला असायचाच. कुजबुजत खेळता येईल असा आपल्याला तो पहिला खेळ मिळाला. फाशांचा खडखडाट नको म्हणून आपण ते आईच्या घडी केलेल्या टॉवेलवर टाकायचो.

खेळवणारा मी, कारण चोपडं मी डिक्शनरी घेऊन वाचलं होतं. मोठा शहाणा! टोळीत तू, शेजारचा मुन्ना आणि मागच्या ब्लॉकमधली उषा. मुन्नाने त्याच्या तिरंदाजाला कुठल्याशा राजाचं लांबलचक नाव दिलं. तू तुझ्या ढालवाल्याचं नाव ठेवलंस दगडू. मुन्ना तोंडात रुमाल कोंबून हसत सुटला.

राक्षस किती दणकट ठेवायचे हे ज्या पानांवर होतं, चोपड्यातली नेमकी तीच पानं गायब होती. मग मी मनाने ठरवलं. पहिल्या दिवशी गुहेच्या तोंडाशी बारा लांडगे सोडले, आणि दहा मिनिटांत तुम्ही तिघेही आडवे. "यार, ये खेल है कि सजा?" असं म्हणून मुन्ना घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी तीनच लांडगे ठेवले, तर उषा जांभया द्यायला लागली. मग सहा केले, मग आठ, मग पाच लांडगे आणि एक अस्वल. आठवडाभर मी वहीत आकडे लिहून खोडत होतो आणि एकदाही जमलं नाही.

तूच मला ते सोडवून दिलंस. तू म्हणालीस, "लांडगे कमी नोको करू. किती हायेत ते कळू दे फक्त. मग बारा असले तरी पाहून घेऊ."

मग मी वाटेत पावलांचे ठसे ठेवू लागलो, आतून येणारी गुरगुर ऐकवू लागलो, दारावर नखांचे ओरखडे दाखवू लागलो. आणि तेच बारा लांडगे तुम्ही मारले! तू दगडूला दोन खडकांमधल्या अरुंद फटीत उभं केलंस, म्हणजे एका वेळी एकच लांडगा समोर येईल. मुन्नाला सांगितलंस की जखमी झाला असेल त्याच्यावरच बाण मारत राहा, नवा धरू नको. उषाचं औषध शेवटपर्यंत राखून ठेवलंस. आणि कुठेही आत शिरायच्या आधी तुझा एक प्रश्न ठरलेला असायचा, परत यायचा रस्ता कोणता? हे तू बाबांकडून उचललं होतंस. भट्टीवर आलेल्या नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी तेवढंच सांगायचे, की कामाला हात लावायच्या आधी पळायचा रस्ता पाहून ठेवा.

तुझ्या बारावीनंतरच्या वर्षी, उन्हाळ्यात, डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या पीएमटीचा निकाल लागला आणि तू दुसऱ्यांदा राहिलीस. आठ दिवस तू कूलरसमोर भिंतीकडे तोंड करून पडून होतीस. वेणी घातली नाहीस, धड जेवली नाहीस. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की पोरीला जरा हसव, खेळव तिला.

मी खेळवलं. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा माझ्यासमोर आडवा उभा केला आणि त्याच्यामागे फासे टाकू लागलो. चोपड्यात तसं चित्र होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. दगडूवर वार आला की आकडा कितीही पडो, मी म्हणायचो, हुकला. मुन्ना आणि उषाला मात्र खरे आकडे सांगायचो. बिचाऱ्या मुन्नाचा राजा त्या पंधरा दिवसांत तीनदा मेला.

तू जिंकत गेलीस. जेवायला लागलीस, वेणी घालायला लागलीस, उषाला चिडवायला लागलीस. मला स्वतःचं केवढं कौतुक वाटत होतं! आईने एकदा मला वाटीभर आमरस जास्तीचा वाढला आणि मी तो बक्षीस मिळाल्यासारखा खाल्ला.

मग ती दुपार आली. समोर राक्षस असताना तू दगडूची ढाल त्याच्या पाठीवर टांगलीस आणि त्याला मोकळ्या मैदानात नेऊन उभं केलंस. मुन्ना म्हणाला, दीदी, पागल हो गई क्या? तू माझ्याकडे पाहत होतीस. ढाल नसलेल्या माणसाला तीन फाशांची बेरीज सातच्या वर गेली की वार लागायचा, म्हणजे जवळजवळ लागायचाच. मी फासे टाकले आणि म्हणालो, हुकला. पुन्हा टाकले, पुन्हा म्हणालो, हुकला. तिसऱ्यांदा टाकले आणि मी तोंड उघडायच्या आत तू हात लांब करून पुठ्ठा उचललास. टॉवेलवर सहा, पाच आणि चार पडले होते.

आतल्या खोलीत बाबा झोपले होते, म्हणून तुला ओरडता आलं नाही. ओरडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तू अगदी हळू बोललीस.

"हरली असती तं चाललं असतं मले. तू मले खेळूच नाही दिलं."

मी पुटपुटलो की तुला बरं वाटावं म्हणून केलं. त्यावर तू म्हणालीस, "मले किती झेपते ते तू कावून ठरवून राहिला? मले विचारलं का एकदा तरी?"

महिनाभर तू खेळायला बसली नाहीस. मी तुझ्या मागे-मागे फिरलो, विद्येची शपथ घेतली की पुन्हा तुझ्यापासून काही लपवणार नाही. तेव्हा कुठे तू परत टॉवेलसमोर मांडी घातलीस. पुठ्ठा मी फाडून टाकला होता. त्यानंतर सगळ्यांचे फासे उघड्यावर, राक्षसाचेही.

आणि पुलावरची ती लढाई! मागे वीस जण लागलेले, मुन्नाचा राजा लंगडत होता, उषाचं औषध संपलं होतं. तू वहीवर हिशेब मांडलास की दगडू पुलाच्या तोंडाशी तीन डाव टिकेल आणि तेवढ्यात दोघं पलीकडे पोचतील. दगडू चार डाव टिकला आणि मेला. उषा खरंच रडली. तू मात्र पुढचे चार दिवस जो भेटेल त्याला सांगत सुटलीस, दगडू पुलावर कसा मेला ते. आईलासुद्धा कणीक मळताना सगळं ऐकावं लागलं. माझ्या पुठ्ठ्यामागे मिळालेल्या त्या पंधरा दिवसांच्या विजयांबद्दल तू कधी कुणाकडे चकार शब्द काढला नाहीस.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, ताई. तरी नागपूरला मी काय केलं?

दोन वर्षांपूर्वी तुझं पोटाचं दुखणं दाखवायला गेलो होतो; तू बाहेर बाकावर बसली होतीस, भाऊजी आणि मी आत डॉक्टरांसमोर. डॉक्टरांनी सांगितलं की पोटातला कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय, आता पोट उघडून उपयोग नाही, दुखणं आटोक्यात ठेवायला गोळ्या देतो. चार महिने, फार तर सहा. मग चष्मा पुसत म्हणाले, पेशंटला सांगायचं का आणि किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. भाऊजींचे डोळे गळत होते. ते म्हणाले, तुम्हीच पाहा काय ते. म्हणजे ठरवणारा पुन्हा मीच! फाइलमधून रिपोर्टचं पान काढून मी शर्टाच्या आत घातलं, बाहेर आलो आणि तुला म्हणालो, अल्सर आहे.

घरी आल्यावर आईला बाजूला घेऊन खरं सांगितलं, तर तीही पदर तोंडाला लावून म्हणाली, नोको सांगू तिले, खचून जाईन. आपल्याकडे असंच चालत आलंय ना? आत्याच्या वेळी कुणी आत्याला सांगितलं होतं? पेशंट सोडून अख्ख्या ब्लॉकला माहीत असतं. येणारे-जाणारे पेशंटसमोर हसतात आणि बाहेर ओट्यावर डोळे पुसतात. मीही त्याला मायाच म्हणत होतो.

नागपूरहून परत येताना गाडीत तू मला विचारलंस, "विजू, उघडं सांगून राहिला न?"

मी म्हणालो, अल्सरच आहे ताई. तू डबा उघडलास, भाऊजींना पोळी दिलीस. तुला तेव्हाच संशय आला होता का? की मी शपथ घेतली होती म्हणून तू विश्वास ठेवलास? मला हे दुसरं खरं वाटतं, आणि ते जास्त लागतं.

अल्सर म्हणजे पथ्य पाळलं की बरा होणार. तू त्याच्यानुसार सगळी आखणी केलीस, तुझ्या पद्धतीने, नीट. तू शिकवायचीस त्या शाळेत कायम व्हायला बी.एड. लागत होतं आणि परीक्षा चार महिन्यांवर आली होती. दुखणं, शाळा, घर आणि गौरी एवढं एकदम झेपणार नाही म्हणून तू गौरीला तुमसरला तुझ्या सासूबाईंकडे पाठवायचं ठरवलंस. म्हणालीस, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, मग आहेच की आयुष्यभर.

न्यायला आलेल्या सासूबाईंबरोबर तिला गाडीत बसवायला मी आलो होतो. ती खिडकीतून तुझा हात सोडत नव्हती. गाडी हलायला लागली तेव्हा तिची बोटं मी सोडवली, मी! ती चार महिन्यांनी परत येईल तेव्हा तू कुठे असशील, हे त्या अख्ख्या फलाटावर भाऊजींना आणि मला तेवढं माहीत होतं. भाऊजी चपलेकडे पाहत उभे होते. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिलो.

तुझे शेवटचे चांगले महिने तू शिक्षणाचं मानसशास्त्र पाठ करण्यात घालवलेस. पोटाशी उशी दाबून, खुर्चीत बसून. मी यायचो, मोसंबी ठेवायचो आणि विचारायचो, किती झालं पाठांतर? हे विचारताना माझी जीभ कशी झडली नाही?

परीक्षेला तुला बसताच आलं नाही. उठून न्हाणीपर्यंत जाणंही होईना, तेव्हा भाऊजी जाऊन गौरीला घेऊन आले. ऐन शाळेच्या दिवसांत ती दारात उभी राहिलेली पाहिलीस आणि तुझा चेहराच बदलला. तू तिला पाणी आणायला आत पाठवलंस.

"शाळा चालू असताना हिले कावून आणलं?"

मी म्हणालो, तुझी फार आठवण काढत होती.

"आतातरी सांग, विजू."

तुला आठवतं मी काय म्हणालो? मी म्हणालो, अल्सर जरा वाढलाय.

त्यानंतर तू मला काही विचारलं नाहीस. अकरा दिवस होतीस. गौरीला जवळ बसवून तिची वेणी घालायला घ्यायचीस, दमून अर्ध्यात सोडून द्यायचीस. आणि ती? ती आई दमते म्हणून उठून बाहेर पळायची. तिलाही आम्ही काही सांगितलं नव्हतं ना. त्या अकरा दिवसांतले कितीतरी तास तुझी लेक अंगणात लंगडी खेळत होती आणि तू तिचा आवाज ऐकत पडली होतीस.

कधी कधी मला तुझाच राग येतो. त्या दुपारी हात लांब करून पुठ्ठा उचलला होतास, मग या वेळी का नाही? माझी कॉलर का नाही धरलीस? उठवत नव्हतं तर हाक मारून चारचौघांत विचारायचं होतंस. असं सगळं तुझ्यावर ढकलून झालं की मग स्वतःचीच शिसारी येते. चोरी मी करायची आणि पकडलं नाही म्हणून मेलेल्या बहिणीवर चिडायचं!

बरोबर किती कठीण ठेवावं, हे मला त्या खेळात तू शिकवलं होतंस. किती लांडगे आहेत ते कळू दे, मग पाहून घेऊ. तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस, ते मला रोज दिसतं. पुस्तकं त्याच दिवशी बांधून ठेवली असतीस. गौरीला कुशीतून हलू दिलं नसतंस. तिला स्वयंपाकातलं काय काय दाखवलं असतंस, भाऊजींना काय काय बजावलं असतंस, आम्हा सगळ्यांना कुठे कुठे उभं केलं असतंस. मला वाटलं होतं मी तुझं ओझं कमी करतोय. मी तुझे चार महिने नेले, ताई, आणि गौरीचेही.

काल संध्याकाळी भाऊजींशी बोललो. ते म्हणाले, तुम्हीच पाहा काय ते. आई म्हणते, लहान आहे पोर, मोठी झाली की सांगू, आता कशाला तिच्या डोक्याला ताप. आईचं मन मला कळतं. पण ती मोठी होईपर्यंत रोज काय समजून झोपेल, हे आईने ऐकलेलं नाही. मी ऐकलंय.

म्हणून तुला सांगतो. येत्या रविवारी ती आली की तिला जेवायला वाढायच्या आधी सगळं सांगीन. मग ती जेवली नाही तरी चालेल. आईजवळ थोडे दिवस उरलेत हे मामाला माहीत होतं आणि आईला माहीत नव्हतं, इतक्या साध्या शब्दांत सांगीन. तिला गाडीत बसवलं तेव्हाही मामाला माहीत होतं, हेही सांगीन. कदाचित ती माझ्याकडे यायची बंद होईल. आठवड्यात एकच दिवस मी वाट पाहत असतो, तो जाईल. जाऊ दे.

आणि ती विचारणार, मला माहीत आहे ती काय विचारणार. मामा, तू आईले खरं सांगितलं असतं तं तिनं मले पाठवलं असतं का?

मी म्हणीन, नाही. त्याच्यापुढे माझ्या बाजूने एक अक्षर बोलणार नाही.

तुझा,
विजू